लँडमास्टरवरचे फॉगलाइट, रेडिओ आणि घड्याळ : मूळचं काय, मागाहून बसवलेलं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची १९५६ ची लँडमास्टर मोटार बरीच वर्षं कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारीमागे उभी होती, ती आता तुमच्याकडे आली आहे. पुढे बंपरवर दोन फॉगलाइट, डॅशबोर्डमध्ये रेडिओ आणि घड्याळ, दोन्ही मडगार्डांवर आरसे, पुढच्या काचेवर बाहेरून लावलेलं पत्र्याचं सनशेड, स्टिअरिंगवर गोल मूठ आणि डॅशवर छोटा पंखा. पेंटर म्हणतो, हे सगळं काढू, भोकं बुजवू आणि गाडी कंपनीतून आल्यासारखी करून देतो. एक गिऱ्हाईक म्हणतं, हे सगळं ओरिजिनल आहे म्हणूनच मी जास्त पैसे द्यायला तयार आहे. खरं कुणाचं?

दोघांचंही पुरतं खरं नाही. पण पेंटरचं ऐकलंत तर खरं काय होतं हे पुन्हा कधीच कळणार नाही. म्हणून आधी एवढंच करा: एकही वस्तू काढू नका, कशालाही बफ मारू नका, ओलं फडकंसुद्धा फिरवू नका. दिवा हातात घेऊन जाणकार माणूस फार तर दिवा जुना आहे एवढं सांगेल. तो याच गाडीवर, त्याच काळात बसला होता का, हे भोक, वायर, स्क्रू आणि त्याखालचा रंग सांगतो. दिवा ओरबाडून काढला की ही साक्ष अर्ध्या तासात संपते.

त्या काळी गाडी दारात कशी यायची हे आधी लक्षात घ्या. हिंदुस्थान मोटर्स १९४२ ची. काम आधी गुजरातेत ओख्याला होतं, १९४८ पासून कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेलं. लँडमास्टर १९५४ ला आली, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू या ब्रिटिश गाडीवरून घेतलेली. इकडे मुंबईत वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्याला आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि मग फियाट काढल्या. जनरल मोटर्सची जुळणी शिवडीला चालायची. १९५३ साली टॅरिफ कमिशनने देशातच उत्पादन करणाऱ्यांना प्राधान्य द्यायची शिफारस केली आणि जनरल मोटर्स, फोर्ड या दोघांनीही इथला गाशा गुंडाळला. आयातीवर निर्बंध होतेच. त्यामुळे आपल्याकडची पन्नाशीच्या दशकातली गाडी कारखान्यातून साधारण साधीच निघायची. रेडिओ, फॉगलाइट, घड्याळ हे डीलर डिलिव्हरीच्या आधी बसवून द्यायचा किंवा मालक पुढच्या मुंबईच्या खेपेत ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोडकडून घेऊन यायचा.

म्हणजे तुमच्या गाडीवरची वस्तू चार जागांहून आलेली असू शकते. कारखान्यात बसलेली, डीलरने बसवलेली, आजोबांनी पहिल्या काही वर्षांत बाजारातून घेतलेली, किंवा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणी तरी आणून चिकटवलेली. पहिल्या तिन्ही मी ठेवतो. अनेक जण फक्त पहिलीला मान देतात, मला ते पटत नाही. गूळ सौद्याच्या धामधुमीत पहाटे धुक्यातून जाणाऱ्या माणसाने १९५७ साली घेतलेले फॉगलाइट हा त्या गाडीचाच इतिहास आहे. चौथी मात्र कितीही देखणी असली तरी उतरवायची.

आता भोकाकडे या. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मडगार्डावरच्या आरशापासून सुरुवात करा, कारण तिथे आतून हात जातो. चाकाच्या बाजूने टॉर्च धरा आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा दांडीने आत घाला. कारखान्यातलं भोक रंगाच्या आधी प्रेसवर पडलेलं असतं. कडा एकाच दिशेला किंचित दबलेली, गोलाई नेमकी आणि भोकाच्या आतल्या काठावरसुद्धा प्रायमर आणि रंग पोचलेला. डीलरने किंवा गॅरेजमध्ये ड्रिलने पाडलेल्या भोकाला आतल्या बाजूला पत्र्याची बारीक कुरळी कोर उभी राहिलेली असते. काठावर रंग नसतो, थेट गंज असतो. भोकं दोन असतील तर त्यांच्यात थोडी तिरपट दिसते, डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर जुळत नाही. टेप लावून दोन्ही बाजू मोजाच.

ड्रिलचं भोक दिसलं म्हणून मात्र वस्तू मोडीत काढू नका. डीलरही ड्रिलच वापरायचा. तो डीलर की परवाचा मिस्त्री हे ठरवायला खालचा रंग बघायचा. आरशाच्या बुडाशी रबराची चकती असते. नट आतून हळूच सैल करा, पूर्ण काढू नका, आणि चकती एका बाजूने नखाएवढी उचला. खाली काय दिसतं? गाडीचा पहिला रंग, ऊन न लागलेला, ताजा, म्हणजे दुसऱ्यांदा रंगवण्याआधीपासून आरसा तिथे आहे. चकतीखाली दुसऱ्या वेळचा रंग सलग गेलेला असेल तर आरसा त्यानंतरचा. नंतरचे सगळे रंग चकतीच्या काठाशी येऊन थांबले असतील आणि खाली फक्त पहिला असेल, तर याहून चांगला पुरावा मिळत नाही, कारण प्रत्येक पेंटरने आरसा जागेवर ठेवूनच फवारा मारला. पहिला रंग कोणता हे कळत नसेल तर डिक्कीचं रबर उचलून किंवा ग्लोव्हबॉक्सच्या आत बघा, तिथे दुसरा पेंटर क्वचितच पोचतो. दिसलं की लगेच जवळून फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. घरातल्या थोरल्यांना गाडीचा मूळ रंग विचारून तोही वहीत लिहा.

स्क्रूंवरूनही कळतं, पण जपून. लँडमास्टर मॉरिसच्या घराण्यातली, तिचे आटे इंची. फॉगलाइटच्या ब्रॅकेटला १० मिलिमीटरचा पाना चपखल बसत असेल तर तो बोल्ट मागाहूनचा. पण बदलला असेल तो बोल्टच. दिवा जुनाच असू शकतो. आणि फुलीचा स्क्रू दिसला की लगेच नवा म्हणू नका, अमेरिकन गाड्यांत तो युद्धाआधीपासून होता.

फॉगलाइट. त्या काळच्या ब्रिटिश वळणाच्या गाडीवर ते बहुधा ल्यूकस या विजेचं सामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे असतात. मॉडेलचं नाव खोक्यात किंवा कवचावर सापडतं. एसएफटी ५७६ म्हणजे फॉगलाइट, एसएलआर ५७६ म्हणजे लांब मारणारा. ५७६ हा आकडा पावणेसहा इंची तोंडाचा, ७०० असेल तर सात इंची. फॉगच्या काचेवर उभ्या दाट रेषा, लांब मारणाऱ्याची काच जवळजवळ सपाट. एका बाजूला फॉग आणि दुसरीकडे लांब पल्ल्याचा अशी जोडीही लोक लावायचे, तेव्हा दोन दिवे वेगळे दिसले तर घाबरू नका. ल्यूकसच्या बऱ्याच भागांवर पार्ट नंबराच्या शेजारी महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, उदाहरणार्थ ३ ५६ म्हणजे मार्च १९५६. मागच्या कवचावर, पायाजवळ, भिंगाने शोधा. रंगाखाली दबलं असेल तर खरवडू नका. टॉर्च अगदी आडवा धरा, उठाव दिसतो. गाडीच्या महिन्यापासून वर्षभराच्या आतली तारीख उत्तम. दोन-तीन वर्षांनंतरची असेल तर आजोबांनी घेतलेले. आणि कवचावर किंवा गाडीच्या डायनॅमोवर 'ल्यूकस-टीव्हीएस' असं दिसलं तर वाद संपला. ती मद्रासची कंपनी १९६१ ची, १९५६ च्या गाडीवर ते मूळचं असूच शकत नाही.

नक्कल कशी ओळखायची? आपल्या देशातच जुन्या ल्यूकसच्या नकला बनतात आणि जगभर जातात, काही कामाच्या आहेतही. खऱ्या काचेतली अक्षरं धारदार, बोटाला जाणवणारी. नकलेत ती बुळबुळीत, काच पातळ आणि कडेला बुडबुडे. खऱ्याचा रिफ्लेक्टर पितळी, त्यावर चांदीचा मुलामा. हवा लागून तो पिवळट, मग काळपट होतो, सोलून मात्र निघत नाही. नकलेत क्रोम किंवा ॲल्युमिनिअमचा पातळ थर असतो, तो पापुद्र्यासारखा सुटतो. रिमवर लोहचुंबक फिरवा. पितळी रिमला तो चिकटणार नाही. जस्ताच्या ओतीव भागालाही चिकटणार नाही, पण जस्तावरचं क्रोम पुटकुळ्या येऊन फुटतं आणि पितळेवर हिरवा कळंक धरतो. कोल्हापूरकराला ओतकामातला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक साक्षीदार आहे, पंचगंगेचा पूर. २०१९ ला शाहूपुरीच्या काही भागांत पाणी आलं होतं. वखारीत बंपरएवढं पाणी चढलं असेल तर दिव्याच्या आत, रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यात, गाळाची बारीक रेघ सापडेल. चेसिसवरच्या रेघेशी ती जुळते का ते बघा. गाडीभर गाळ आणि दिवा आतून कोरा असेल, तर दिवा पुरानंतर आलेला.

वायर फॉगलाइटपासून मागे मागे धरत जा. त्या काळच्या वायरीवर सुती विणीचं आवरण असतं आणि विणीत रंगाचा धागा. हेडलाइटला निळा, साइड आणि मागच्या दिव्याला लाल, अर्थला काळा, ही ल्यूकसची पद्धत. नवी प्लास्टिकची तांबडी-काळी जोडवायर टेपने पिळून बॅटरीला दिली असेल तर ते काम अलीकडचं. मात्र वायर जळली म्हणून कुणी बदललेलीही असते, त्यामुळे केवळ वायरवरून निकाल देऊ नका. जुन्या वायरीचा तुटका तुकडा पत्र्याच्या रबरी कडीत अजून अडकला आहे का, तो शोधा. तो मिळाला की तारीखच मिळाली समजा.

रेडिओवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण फसवाफसवी तिथेच जास्त चालते. १९५६ चा खरा मोटर रेडिओ व्हॉल्व्हचा, म्हणजे तापल्यावर चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. ब्रिटिश गाड्यांत एचएमव्हीचा रेडिओमोबाइल सर्रास दिसतो. त्याचे दोन भाग असतात. डॅशमध्ये दिसणारं तोंड आणि वेगळ्या जागी, बहुधा पायाच्या वरच्या पत्र्यावर, जड पत्र्याची पेटी. त्या दोघांना जोडणारी जाडजूड केबल. नुसतं तोंड बसवलेलं असेल आणि पेटीची भोकं, तिच्या बुडाचा ठसा, केबल यातलं काहीच नसेल, तर ते तोंड शोभेसाठी आणलेलं आहे. पेटी असेल तर तिच्यावरची पट्टी वाचा. व्होल्टेज आणि अर्थ कोणत्या टोकाला हे तिथे लिहिलेलं असतं. तुमची गाडी १२ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. पट्टीवर ६ व्होल्ट असेल तर रेडिओ दुसऱ्या गाडीचा. पट्टी जुळली तरी थेट करंट देऊ नका. पुढे कधी गॅरेजवाल्याने बॅटरी उलटी जोडून निगेटिव्ह अर्थ केलेली असते. आधी एखाद्या जुन्या रेडिओ मिस्त्रीकडून कंडेन्सर तपासून घ्या, मग बाहेरच्या बॅटरीवर चालवा. खरा व्हॉल्व्ह सेट लगेच बोलत नाही. आधी व्हायब्रेटरची बारीक घूं ऐकू येते, मग व्हॉल्व्ह तापले की आवाज हळूहळू वर येतो. बटण फिरवताच बोलायला लागला तर आत ट्रान्झिस्टर आहे, तोंड कितीही जुनं असो.

डॅशमधल्या खाचेची कडाही बघा. हाताने करवतलेली असेल तर दात दिसतात. एरियलचं भोक बुजवलेलं असेल तर लोहचुंबक फिरवल्यावर लांबीच्या, म्हणजे पेंटरच्या पुट्टीच्या, जागी तो घसरतो.

रेडिओबद्दल घरात एक कागद शोधा. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि त्याचं छोटं पुस्तक असे. जुन्या ट्रंकेत, वखारीच्या वह्यांत असं पुस्तक सापडलं आणि त्यात मोटर रेडिओची नोंद निघाली, तर गिऱ्हाइकापुढे दुसरं काही मांडायची गरजच नाही.

घड्याळ सोपं. ते स्मिथ्स या मीटर बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं असेल आणि शेजारच्या मीटरच्या तबकडीचा रंग, अक्षरांचं वळण, काट्यांचा आकार जुळत असेल तर काळजी नको. त्यापेक्षा स्पीडोमीटरकडे लक्ष द्या, लोक तो बदललेला विसरतात. तबकडी मैलांची हवी. किलोमीटरची असेल तर ती देशात मेट्रिक पद्धत रुळल्यानंतरची. स्मिथ्सच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो, एका मैलात केबल किती फेरे घेते त्याचा. तो तपासता येतो. मीटरमागून केबल सोडवा, आतल्या तारेला पुठ्ठ्याचा छोटा काटा अडकवा, चाकात हवा नीट भरा आणि गाडी सरळ रेषेत ५२ फूट साडेनऊ इंच ढकला, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग. काट्याचे फेरे मोजा, शंभराने गुणा. उत्तर तबकडीवरच्या आकड्याच्या आसपास आलं तर मीटर, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांचे आहेत. फार फरक पडला तर यातलं काही तरी दुसऱ्या गाडीचं आहे.

सनशेड, मूठ आणि पंखा बाजारातलेच. कंपनीचे म्हणून कुणी विकत असेल तर मानू नका. सनशेड पावसाच्या पन्हाळीला चिमट्याने धरलेलं असतं, चिमट्याखालचा रंग आरशासारखाच तपासा. पंखा चालत नसला तरी राहू द्या. मूठ चालवताना काढून ठेवा, बाही अडकते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे डुक्कर फियाट असेल तर नावं बदलतील, पद्धत तीच. तिथे मीटर वेग्लियाचे, विजेचं सामान मॅग्नेटी मरेल्लीचं आणि आटे मिलिमीटरचे. म्हणून फियाटवर इंची बोल्टने धरलेला ल्यूकसचा दिवा हा कुर्ल्याच्या कारखान्यातला नव्हे. शेवरले किंवा डॉजवाल्यांनी आधी व्होल्ट बघावेत. शेवरले १९५५ च्या मॉडेलपासून १२ व्होल्टची झाली, फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्या १९५६ पासून. त्याआधीच्या ६ व्होल्टच्या. अमेरिकेत १९५३ ते १९६३ दरम्यान विकलेल्या रेडिओच्या तबकडीवर ६४० आणि १२४० जवळ छोटे त्रिकोण छापलेले असतात, नागरी संरक्षणाच्या प्रक्षेपणासाठी. १९५१ च्या गाडीत असा रेडिओ दिसला तर तो नंतरचा. १९५१-५२ च्या अमेरिकन गाडीचं क्रोम फार लवकर गेलेलं दिसलं तर तेही समजून घ्या. कोरियाच्या युद्धात तिकडे निकेलवर नियंत्रण होतं, मुलामा पातळ बसला. अशा गाडीवर एखादाच भाग आरशासारखा चकाकत असेल तर तो बदललेला किंवा नव्याने मुलामा दिलेला असण्याची शक्यता जास्त.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट ऐकू येते: 'दरबारातली गाडी.' बॉनेटवर झेंड्याची दांडी आणि मडगार्डावर चिन्ह दिसलं की किंमत वाढते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतरची गाडी राजघराण्यातल्या कुणाची असू शकते, संस्थानची नाही. झेंड्याची दांडी बाजारात मिळत होती आणि आजही मिळते. तिच्या भोकाचीही वर सांगितली तशीच तपासणी करा, आणि कागद असल्याशिवाय हा शब्द जाहिरातीत घालू नका.

गाडी पन्नास वर्षांच्या वरची असल्यामुळे २०२१ च्या नियमाखाली तिला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर घेता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. फॉगलाइटने त्यात अडचण यावी असं मला वाटत नाही. पण भोकं बुजवायच्या नावाखाली मडगार्ड बदलले, पत्रा कापून डॅश नवा केला, तर तुम्ही स्वतःहून गाडीला त्या अटीपासून लांब नेताय. पेंटरला हे सांगा.

तपासणी झाल्यावरच वस्तू उतरवा. प्रत्येक वस्तूची वेगळी कापडी पिशवी, आत तिचेच स्क्रू आणि चकत्या, बाहेर जागेचं नाव. रिफ्लेक्टरला ब्रासो लावू नका, चांदी हातात येईल. तो हुपरीच्या चांदीच्या कारागिराकडे द्या, आणि नव्याने मुलामा द्यायला सांगा. ब्रॅकेट तुटला असेल तर शिवाजी उद्यमनगरात नमुना देऊन ओतून, मशीन करून मिळतो. नव्या भागाच्या आतल्या बाजूला वर्ष कोरून घ्या, म्हणजे उद्या कुणी तो १९५६ चा म्हणून विकणार नाही. जुना तुटका तुकडा टाकू नका, त्याच पिशवीत ठेवा. फॉगलाइट परत बसवताना फ्यूज आणि रिले लपवून घाला, जुन्या स्विचवरून थेट भार नेऊ नका. आणि गिऱ्हाइकाला गाडी दाखवण्याआधी रबराच्या चकतीखालच्या रंगाचा तो फोटो आधी काढून ठेवा.